शंभरच्या पुढे पिकअप जातो: एका टर्बो डिझेल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१५ सालची. १.३ लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा, आतली पानं हलवून दाब कमी-जास्त करणारा), पुढे ती हवा थंड करणारा इंटरकूलर. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नाही. आमच्या गॅरेजमध्ये आली तेव्हा मीटरवर १,१८,००० किलोमीटर होते. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं, ऑइल कधी लांबवलेलं नाही, सगळी बिलं एका फाइलमध्ये नीट लावलेली.

मालकीण नाशिकच्या, शाळेत शिकवतात. आई नागपूरला एकटी राहते, म्हणून महिन्या-दीड महिन्यातून एकदा तिकडे जाणं होतं. पूर्वी त्या रेल्वेने जात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून सिन्नरजवळून वर चढायचं आणि थेट नागपूरला उतरायचं, असा साडेपाचशे किलोमीटरच्या वरचा प्रवास त्या गाडीने करू लागल्या. समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. नाशिकच्या रहदारीत जी गाडी कधी साठच्या वर जात नाही, ती इथे तासन् तास ११० ने धावते. प्रकरणाची सुरुवात तिथूनच झाली. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. गाडीबद्दलचं सगळं जसं घडलं तसं आहे.

तक्रार

जालन्याच्या आसपास एका ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीचा पिकअप एकदम गेला. ताईंच्या शब्दांत, "मागून कुणीतरी दोरी लावून ओढल्यासारखं झालं." ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काही उपयोग नाही. गाडी ११० वरून उतरत ऐंशीच्या खाली आली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा नारिंगी दिवा लागला. धूर नाही, खडखड नाही, तापमान ठीक. कडेला थांबून चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी पहिल्यासारखी पळायची. तीस-चाळीस किलोमीटरने पुन्हा तेच.

हा प्रकार पाच महिन्यांत सहा वेळा झाला. नाशिकमध्ये मात्र एकदाही नाही.

पिकअप जाणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण ११० च्या प्रवाहात एक गाडी अचानक ऐंशीच्या खाली येते आणि तिचे ब्रेकलाइट लागत नाहीत, कारण ब्रेक कुणी दाबलेलाच नसतो. मागच्याला काही कळायला मार्ग नसतो. त्यात ताई दर वेळी चावी फिरवायला महामार्गाच्या कडेला थांबत होत्या, मागच्या सीटवर मुलं. म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना सांगितलं, की दोष सापडेपर्यंत या गाडीने समृद्धीवर जायचं नाही. वाटेत झालंच, तर दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून डावीकडच्या लेनमध्ये यायचं आणि उरलेल्या ताकदीवर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा उतरण्याच्या फाट्यापर्यंत जायचं. गाडी तेवढी चालते. कडेला थांबण्यापेक्षा हळू चालत बाहेर पडणं बरं.

आमच्याकडे येण्याआधी

पहिल्या गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले, एअरफ्लो सेन्सर स्प्रेने साफ केला आणि स्कॅनर लावून एरर पुसून टाकली. कोणता कोड होता, हे बिलावर नाही. दिवा गेला, काम झालं.

पुढच्याच नागपूर फेरीला पुन्हा दिवा लागला. दुसऱ्या, जरा मोठ्या वर्कशॉपने कोड वाचला: पी ०२९९. त्यांनी धुराचं मशीन लावून गळती पाहिली, काही दिसलं नाही. मग निदान झालं, टर्बो गेला. पूर्ण टर्बो बदलायचे मजुरीसह सुमारे ५२,००० रुपये. तिसऱ्या ठिकाणी कुणी ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह, बंद करून देतो म्हणालं.

ताई आमच्याकडे आल्या त्या टर्बोचं कोटेशन घेऊन. "दादा, एवढे पैसे घालायला माझी तयारी आहे, पण घातल्यावर हे थांबेल का, एवढंच सांगा." त्या कोटेशनवरून आम्हाला ते सांगता येत नव्हतं.

पी ०२९९ या कोडचा अर्थ इतकाच, की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने, जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. टर्बोच्या आधी हवा अडली असेल, टर्बोची पानं काजळीने अडकली असतील, त्यांना हलवणारा व्हॅक्यूम गळत असेल, टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटत असेल किंवा पुढे एक्झॉस्ट तुंबला असेल. सगळ्यांचा कोड एकच. खरा उपयोगी पुरावा असतो तो कोडसोबत साठवलेल्या त्या क्षणाच्या आकड्यांचा: तेव्हा आरपीएम किती होते, लोड किती, दाब किती. कोड पुसला की तेही जातात. पहिल्या गॅरेजने नेमकं तेच घालवलं होतं, आणि दुसऱ्यानेही कोटेशन देऊन कोड पुसूनच गाडी परत केली होती.

आम्ही काय विचारलं

पहिला अर्धा तास आम्ही बॉनेट उघडलं नाही. कधी होतं, गाडीत किती माणसं होती, एसी चालू होता का, चढ होता का, गिअर कोणता, हे सहाही वेळांचं एकेक करून विचारलं. त्यात एक गोष्ट सापडली. सहाही वेळा गाडीत चार माणसं, सामान, एसी चालू आणि समोर ओव्हरटेक. मध्ये एकदा ताई एकट्याच नागपूरला जाऊन आल्या होत्या. त्याच वेगाने, त्याच रस्त्याने. तेव्हा काही झालं नव्हतं.

म्हणजे वेग हे कारण नव्हतं. कारण होतं लोड. भरलेली गाडी ओव्हरटेकला जोर मागते, तेव्हाच बूस्ट शेवटच्या टप्प्यावर जातो. शहरात ती वेळ येतच नाही. आणि लोडच हवा असेल, तर १२० ने पळायची गरज नव्हती. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये तोच लोड साठच्या आसपास मिळतो.

समोरचे पर्याय

टर्बो बदलणं हा सोपा आणि महागडा पर्याय. दोष दुसरीकडे असला तर ५२,००० खर्चूनही तक्रार तशीच, आणि नव्या टर्बोवर तोच ताण. टर्बो उतरवून पानांची काजळी साफ करणं स्वस्त पडतं, आणि आमच्या अनुभवात अशा गाड्यांमध्ये पानं अडकण्याचं प्रमाण खरोखर बरंच असतं. आमच्या जुन्या मेस्त्रींचा कल तिकडेच होता. पण टर्बो उतरवायचा म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस, गंजलेले स्टड तुटण्याची भीती, नवी गॅस्किटं.

ईजीआर बंद करण्याला आम्ही सरळ नाही म्हटलं. ते प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, आणि पूर्ण लोडला ईजीआर तसाही बंदच असतो.

आम्ही ठरवलं, एकही नट ढिला करण्याआधी घाटात जाऊन आकडे घ्यायचे. याला एक दिवस आणि डिझेल लागणार होतं. ताईंना आधीच सांगितलं, की याचे २,००० रुपये होतील आणि त्यात दुरुस्ती काहीच नसेल, फक्त माहिती मिळेल. मिनिटभर विचार करून त्या हो म्हणाल्या.

तपासणी

निघण्याआधी गॅरेजमध्ये दोन सोप्या गोष्टी पाहिल्या. इंजिन बंद, चावी चालू, अशा स्थितीत बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणजे ९४५ मिलिबारच्या आसपास. सेन्सर ९४० दाखवत होता. सेन्सर खरं बोलत होता. मग हातपंपाने टर्बोची पानं हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम दिला. दांडा हलला, शेवटच्या टप्प्यावर किंचित अडल्यासारखा वाटला, पण पूर्ण गेला आणि व्हॅक्यूम टिकला.

तो किंचित अडणं पाहून मेस्त्री म्हणाले, "बघा साहेब, पानंच आहेत. उतरवू या." सकाळचे अकरा वाजले होते, लिफ्ट मोकळी होती. मोह मलाही झाला. पण घाटाचं ठरलं होतं, ते मोडलं नाही.

कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि चार माणसं बसवून, एसी लावून, इगतपुरीकडे चढायला लागलो. एक जण गाडी चालवणार, दुसरा लॅपटॉप पाहणार. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हा आमचा जुना नियम. तिसरा गिअर, समोर रस्ता मोकळा मिळाला की ॲक्सिलरेटर पूर्ण, २,००० पासून ३,००० आरपीएमपर्यंत. पहिल्या दोन वेळा मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत थोडाच फरक. तिसऱ्या वेळी घडलं.

मागणी २,१५० मिलिबार. प्रत्यक्ष दाब चढत चढत २,०५० ला गेला आणि तिथून दोन सेकंदांत १,६०० ला कोसळला. ईसीयू पानं आवळण्याचा हुकूम वाढवत ९५ टक्क्यांवर गेला, दाब तिथेच. चारेक सेकंदांनी दिवा लागला, ताकद कापली गेली. ज्याला आपण लिम्प मोड म्हणतो तो हाच. त्याच वेळी डिझेलचा रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, पाहिला: मागणी १,४०० बार, मिळालेला १,३८०. डिझेल फिल्टर, पंप, इंजेक्टर या सगळ्यांवरचा संशय तिथेच संपला.

पण खरी गोष्ट सांगितली ती एअरफ्लो सेन्सरने. दाब १,६०० ला कोसळला तरी सेन्सर दर स्ट्रोकला ६४० मिलिग्रॅम हवा आत जात असल्याचं दाखवत होता.

इथे कागदावर एक हिशेब करावा लागतो. १.३ लिटरच्या चार सिलिंडरांत प्रत्येकी सुमारे ३१२ सीसी. १,६०० मिलिबार दाबाची, पन्नासेक अंश तापलेली हवा एका लिटरला साधारण १.७ ग्रॅम भरते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये पूर्ण भरली तरी ५३० ते ५४० मिलिग्रॅम, आणि वेगात चाललेलं इंजिन पूर्ण भरत नाही. ८५ ते ९० टक्के धरले तर ४६० ते ४८० च्या आसपास. सेन्सरमधून गेली ६४०, इंजिनाला पोचली ४७०. वाटेत हवेचा चौथा हिस्सा गायब.

पानं अडकली असती, तर टर्बोने हवा कमी ओढली असती आणि सेन्सरचा आकडा दाबाबरोबरच खाली आला असता. व्हॅक्यूम गळत असता तरी तेच. सक्शन पाइप आत चिकटत असता किंवा एक्झॉस्ट तुंबला असता तरी तेच. हवा मोजली जाते पण पोचत नाही, याला एकच उत्तर आहे: टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये गळती. मेस्त्रींना तो आलेख दाखवला. ते दोनदा बघून म्हणाले, "मग धुराच्या मशीनमध्ये का नाही दिसली?"

प्रश्न रास्त होता. धुराचं मशीन अगदी कमी दाबावर चालतं. गाडीतला दाब मात्र बाहेरच्या हवेपेक्षा एक बारहून जास्त होता. जी चीर एका बारला उघडते, ती धुराला बंदच दिसणार.

पाइप

परत आल्यावर एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा सक्शन पाइप काढला. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला: आडवा किंचित खेळ, जो असतोच, पुढे-मागे काही नाही, पात्यांवर घासल्याची खूण नाही. मग टर्बोच्या तोंडावर सायकलचा वॉल्व्ह बसवलेलं बूच लावलं, मॅनिफोल्डच्या बाजूला दुसरं बूच, म्हणजे हवा इंजिनात शिरून ऑइल सीलवर दाब येणार नाही. काँप्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू हवा सोडली. हे करताना बुचाच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. एक बारला सुटलेलं बूच तोंडावर बसलं तर डोळा जाऊ शकतो.

०.३ बारला साबणाचं पाणी शांत. ०.६ ला इंटरकूलरच्या खालच्या पाइपच्या वळणावर दोन-तीन बुडबुडे. ०.९ ला फुस्सकन आवाज झाला आणि पाइपच्या आतल्या वळणाला चार सेंटिमीटरची चीर ओठांसारखी उघडली. दाब सोडला की ती मिटायची, इतकी नीट की बोट फिरवूनही कळत नव्हती. पाइपच्या खालच्या अंगाला तेलकट काळपट डाग होता आणि शेजारी बोटभर जागा घासून चकचकीत झालेली.

त्या चकचकीत जागेकडे आम्ही पाहिलं आणि पुढे गेलो.

पाइप बदलला. ओरिजिनल चार दिवसांनी येणार होता. ताईंना शाळेसाठी गाडी हवी होती, म्हणून बाजारात मिळाला तो बसवला, नव्या क्लिपा लावल्या. पुन्हा घाट, पुन्हा आकडे. मागणी २,१५०, मिळाले २,१२०. ईसीयूचा हुकूम ६० टक्क्यांच्या आत. बिल सगळं मिळून ४,९०० रुपये झालं आणि आम्ही सगळे खूश होतो.

तीन आठवड्यांनी

ताईंचा फोन मेहकरच्या पुढून आला. "दादा, पुन्हा तसंच झालं. पण या वेळी चावी फिरवूनही परत येईना." आवाजात राग नव्हता. असता तरी चाललं असतं. आम्ही सांगितल्याप्रमाणे त्या डावीकडून हळूहळू पुढच्या पंपापर्यंत गेल्या होत्या. तिथे फोटो काढून पाठवला: नवा पाइप इंटरकूलरच्या तोंडावरून अर्धा निसटलेला. पंपावरच्या एका ट्रकवाल्या दादांनी तो बसवून क्लिप आवळून दिली आणि त्या नागपूरला पोचल्या.

गाडी परत आल्यावर आम्ही जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बॉनेट उघडं, चाकांखाली ठोकळे, हँडब्रेक, समोर कुणी नाही, आणि मेस्त्रींनी ब्रेक दाबून क्लच जरासा सोडला. इंजिन पुढे-मागे डुललं, चांगलं तीन बोटं. खालचं फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला झोल खाऊ न देणारा रबरी आधार, आतून फाटून गेलेलं.

लोड आला की इंजिन झुकायचं, पाइपला पीळ बसायचा, वळण शेजारच्या ब्रॅकेटला घासायचं. जुना पाइप त्यानेच चिरला होता; चकचकीत जागा तीच सांगत होती. नव्या पाइपचं रबर पातळ होतं, ते चिरलं नाही, सरळ तोंडावरून ओढलं गेलं.

फाउंडेशन बदललं, ओरिजिनल पाइप बसवला, पाइप आणि ब्रॅकेट यांच्यात बोट जाईल एवढं अंतर आहे हे लोड देऊन पाहिलं. दुसऱ्या वेळेची मजुरी आणि बाजारच्या पाइपचे पैसे घेतले नाहीत. ताईंचा दोन्ही वेळचा खर्च, घाटातली तपासणी धरून, सुमारे ९,८०० झाला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या गॅरेजने कोड पुसण्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा एक फोटो काढला असता, तर सगळ्यांचे चार महिने वाचले असते. आता आमच्याकडे तो नियम आहे: फोटो नाही, तर कोड पुसायचा नाही. ताईंनाही आम्ही गाडीला जोडून मोबाइलवर कोड दाखवणारं एक साधं ब्लूटूथ ओबीडी यंत्र घ्यायला सांगितलं, हजारभर रुपयांत मिळतं. त्यात मागितलेला बूस्ट दिसत नाही, पण कोड आणि त्या क्षणाचे आकडे साठवून ठेवता येतात.

दुसऱ्या वर्कशॉपला मी फार दोष देणार नाही. धुराचं मशीन लावलं होतं. निकाल चुकीचा नव्हता, त्याची मर्यादा लक्षात घेतली गेली नाही. पण टर्बो बदलायचं कोटेशन देण्याआधी सक्शन पाइप काढून शाफ्टला बोट लावायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ती दहा मिनिटं दिली असती, तर ५२,००० चा आकडा लिहिताना हात थांबला असता.

आमची चूक मोठी होती. गळती कुठे आहे हे शोधायला आम्ही दिवस घातला आणि ती का झाली हे विचारायला पाच मिनिटं घातली नाहीत. घासल्याची खूण डोळ्यांसमोर होती. आकडे बरोबर आले म्हणून आम्ही थांबलो. त्यामुळे एक बाई मुलांना घेऊन पुन्हा एकदा समृद्धीवर ताकद गेलेल्या गाडीत अडकल्या. बाजारचा पाइप बसवतानाही, ओरिजिनल येईपर्यंत हायवेवर जाऊ नका असं बिलावर लिहायला हवं होतं. तोंडीसुद्धा सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशीच टर्बो उतरवला असता तर काय झालं असतं, याचाही विचार मी केला. टर्बो काढताना खालचा पाइप काढावाच लागतो. चीर कदाचित दिसली असती, कदाचित नाही. दिसली नसती, तर साफ केलेली पानं आणि तोच चिरलेला पाइप परत बसला असता.

एक शंका मात्र राहिली आहे. हवा निसटत असताना ईसीयू पानं आवळत राहतो आणि टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरत राहतो. एवढ्या लहान टर्बोचा वेग मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकतो. लिम्प मोड त्यासाठीच असतो, पण चावी फिरवून तो पाच महिने वारंवार उठवला गेला. दांड्याचं ते शेवटचं किंचित अडणंही अजून आहे. सध्या आकडे स्वच्छ आहेत आणि त्यानंतर नागपूरच्या चार फेऱ्या भरल्या गाडीने बिनतक्रार झाल्या. पुढच्या सर्व्हिसला सक्शन पाइप काढून शाफ्टचा खेळ पुन्हा पाहायचा आणि ॲक्च्युएटरला हातपंप लावायचा, हे जॉबकार्डवर लिहून ठेवलं आहे, आणि ताईंच्या फाइलमध्येही.